दम आधी येतो, हाड मागून: मोठ्या खंडानंतर मैदानात परतणारे खेळाडू

लेगकटर
२९ जानेवारी २०२५, सकाळी ९:१२

काल राजकोटला आपला वेगवान गोलंदाज मोहम्मद शमी खेळला. भारताकडून चौदा महिन्यांनी. तीन षटकं, बळी शून्य, मॅचही हरलो, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाहीये. मी मात्र काल धावफलक बघतच नव्हतो. त्याचा डावा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा गुडघा कसा राहतो, तेवढंच बघत होतो. बायको म्हणाली, मॅच बघताय की एक्स-रे काढताय?

कारण सांगतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेत शमीचे सात सामन्यांत २४ बळी. त्यानंतर तो बाहेर गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनला उजव्या टाचेची शस्त्रक्रिया, मग बंगळुरूच्या अकादमीत महिनोन् महिने मेहनत. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंदूरला रणजी खेळायला उतरला तो थेट चार दिवसांची मॅच, दोन डावांत मिळून ४३ षटकं, सात बळी. त्याचा संघ बंगाल ११ धावांनी जिंकला. सगळीकडे एकच ओरड, पाठवा आता ऑस्ट्रेलियाला! मग मुश्ताक अली या टी-ट्वेंटी स्पर्धेचे नऊच्या नऊ सामने खेळला. आणि डिसेंबरात बोर्डाचं पत्रक आलं की टाच पूर्ण बरी आहे, पण गोलंदाजीचा भार वाढल्यामुळे डाव्या गुडघ्याला किंचित सूज आहे, इतक्या मोठ्या खंडानंतर ती अपेक्षितच होती. ऑस्ट्रेलियाचा दौरा हुकला.

म्हणजे दुरुस्त केला उजवा पाय आणि सुजला डावा. आणि ते म्हणे ‘अपेक्षितच’. माझं डोकं या एका शब्दावर अडकलंय. इथे फिजिओ, डॉक्टर, तालमीतले, खेळलेले असे बरेच लोक आहेत, म्हणून धागा काढतोय. मोठ्या सुट्टीनंतर परतलेला खेळाडू नेमका का मोडतो? आणि ते आधी माहीत असतं तर थांबवत का नाहीत?

अर्धमॅरेथॉन
२९ जानेवारी, सकाळी ९:३०

वाचतोय. माझ्यासारख्या हौशी पळणाऱ्यांचे प्रश्न इथे विचारले तर चालतील का?

लेगकटर
२९ जानेवारी, सकाळी ९:३४

विचारा की. पण आधी मोठ्यांचं होऊ द्या.

फिजिओताई
२९ जानेवारी, दुपारी १:४८

लेगकटर, वहिनींना सांगा की एक्स-रेत यातलं फारसं काही दिसतही नाही. तीच तर अडचण आहे.

मी ठाण्यात फिजिओ आहे, माझ्याकडे येणारे बहुतेक कबड्डीवाले. तुमचा प्रश्न माझा रोजचा आहे. खेळाडू परत येतो तेव्हा त्याचं शरीर सगळं एकदम परत येत नाही, हप्त्याहप्त्याने येतं. आणि हप्ते वेगवेगळ्या वेगाचे असतात.

सगळ्यात आधी दम. तो जातोही पटकन. सराव पूर्ण थांबवला की पहिल्या तीन आठवड्यांत शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता साधारण ७ टक्क्यांनी उतरते, दोन-तीन महिन्यांत १६ टक्क्यांच्या आसपास. पण सुरुवातीची घसरण बरीचशी रक्तातला द्रवभाग कमी झाल्यामुळे असते, म्हणून पळायला लागलं की ती भरूनही लवकर निघते. मग स्नायू. एकदा कमावलेला स्नायू पुन्हा कमावणं नव्याने कमावण्यापेक्षा सोपं असतं, हे कुठल्याही जुन्या पैलवानाला विचारा.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हे मात्र आळशी प्रकरण आहे. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भार ओळखून घट्ट व्हायला तिला महिने लागतात. म्हणजे पाचव्या आठवड्यात काय होतं बघा: इंजिन नवं, टायर जुने. खेळाडू येतो आणि म्हणतो, “ताई, एकदम पहिल्यासारखं वाटतंय.” मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते.

एक किस्सा. लॉकडाऊननंतर जिल्हा स्पर्धा सुरू झाल्या तेव्हाचा. उजवा कोपरारक्षक, चांगल्या संघातला, नाव-गाव सांगत नाही. दीड वर्ष मॅटवर पाय नाही, घरी जोर-बैठका चालू. सराव सुरू होऊन तीन आठवडे झालेले. चढाईपटू बोनस मारून वळला, हा मागून झेपावायला निघाला आणि जागेवर बसला. मला सांगत होता, “मागून कुणीतरी टाचेवर दगड मारला असं वाटलं म्हणून मी वळून बघितलं. मागे लॉबी रिकामी.” त्याला टेबलावर पालथं झोपवलं आणि पोटऱ्या एकेक करून दाबल्या. डावी दाबली की पंजा हलतो. उजवी दाबली, पंजा ढिम्म. टाचेच्या वर बोटभर खड्डा लागत होता. कंडरा पूर्ण तुटलेली. त्याला तोवर वाटत होतं मुरगळलाय, बर्फ लावला की उद्या खेळू.

जामठा_रोड
२९ जानेवारी, दुपारी २:१५

बापरे. पोटरी दाबायचं वाचून माझ्याच पायात कसंतरी झालं.

मक्याच्या_देशा
२९ जानेवारी, रात्री ८:०५

फिजिओताईंचा ‘मागून दगड’ वाचून लिहायलाच बसलो. मी आयोवात राहतो. इथे २०११ मध्ये दोन गोष्टी घडल्या, दोन्ही या धाग्याच्या आहेत.

पहिली अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची. मालक आणि खेळाडू संघटनेचं पैशांवरून वाजलं आणि मार्चपासून जुलैच्या २५ तारखेपर्यंत टाळेबंदी. खेळाडूंना क्लबच्या जिममध्ये जायची बंदी, क्लबच्या ट्रेनरशी संबंध नाही. घरी सगळे करतच होते काही ना काही, कोट्यधीश लोक, स्वतःचे जिम असलेले. एरवी हंगामाआधी कित्येक आठवडे टप्प्याटप्प्याने चढत जाणारी तयारी असते. तो सगळा जिनाच त्या वर्षी गायब. समझोता झाला, सराव शिबिरं लगेच सुरू, आणि पहिल्या १२ दिवसांत १० जणांच्या टाचेच्या कंडरा तुटल्या! २९ दिवस होईतो आकडा १२. तुलनेसाठी: १९९७ ते २००२ या सगळ्या वर्षांत मिळून अशा ३१ घटना मोजल्या गेल्या होत्या.

त्या दहांपैकी बरेच जण नवखे किंवा एक-दोन वर्षं खेळलेले होते. म्हणजे ‘वय झालं’ हे कारणही नाही.

दुसरी घटना आमच्या इथली, आयोवा विद्यापीठाची. कॉलेज फुटबॉल म्हणजे इथे काय असतं हे तिकडे सांगून कळायचं नाही, पोरं देवासारखी पुजतात. डिसेंबरअखेर हंगाम संपला, तीन आठवडे सुट्टी. जानेवारीत पहिल्याच सरावाला १०० बॅक स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन बैठका, खांद्यावर स्वतःच्या कमाल वजनाच्या निम्मं वजन, आणि घड्याळ लावून. त्यानंतरच्या काही दिवसांत १३ खेळाडू हॉस्पिटलात. मांड्या दगडासारख्या, लघवी कोलासारखी काळपट. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाला चोक बसतो, तो प्रकार. सगळे बरे झाले, नशीब.

गंमत म्हणजे (गंमत कसली) त्या सरावाचा हेतू पोरांची ‘जिद्द’ तपासणं हा होता. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जिद्द तपासणारा कोच मला आजतागायत समजलेला नाही. आता इथे कॉलेजांसाठी शिफारस आहे: सुट्टीवरून आल्यावर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या भारातून ५० टक्के कापायचा, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. किती जण पाळतात देव जाणे.

आजोबा१९८३
२९ जानेवारी, रात्री ९:५०

सगळं वाचलं. माझं मत कडू आहे, गोड मानून घ्या.

कपिल देव १३१ कसोट्या खेळला. दुखापतीमुळे एकही कसोटी चुकवली नाही. एकच चुकली, १९८४ ची कलकत्त्याची, ती निवडसमितीने वगळलं म्हणून. १९८१ ला मेलबर्नला मांडी दुखावलेली असताना इंजेक्शन घेऊन गोलंदाजी केली आणि ऑस्ट्रेलियाला ८३ त गुंडाळलं, पाच बळी. तेव्हा ना अकादमी होती, ना भार मोजायची यंत्रं. बर्फ मिळाला तर तो सरबतात जायचा. आता फिजिओंची फौज आहे आणि तरी पोरं महिनाआड मोडतात. सोय वाढली की नाजूकपणा वाढतो, दुसरं काय?

अस्थिरमती
२९ जानेवारी, रात्री १०:३१

आजोबा, नमस्कार. मी अस्थिरोग विभागात काम करतो (आयडी त्यावरूनच). तुमचं उदाहरण इतकं चांगलं आहे की ते तुमच्याच विरुद्ध जातंय.

कपिल का मोडला नाही? कारण तो थांबलाच नाही. हरयाणासाठी, भारतासाठी, काउंटीत, वर्षानुवर्षं एकसारखी गोलंदाजी. हाडाला सवय एका पातळीच्या भाराची असते, आणि त्याची पातळी कधी खाली गेलीच नाही. शून्यावरून ४३ षटकांवर उडी मारायची वेळ त्याच्यावर आली नाही. (शिवाय त्याची ॲक्शन, त्याचा पिंड. आणि जे त्या काळात मोडले त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत, कारण ते पुढे खेळलेच नाहीत. हेही धरा.)

हाडाचं थोडं सांगतो. नवा भार आला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. पोखरायला तीनेक आठवडे, भरायला तीनेक महिने. आपल्याकडे रस्ता करतात तसंच. आधी सगळा उकरून ठेवतात, मग खडी येते, डांबर कधी येईल ते येईल. मधल्या काळात त्या रस्त्यावरून ट्रक सोडला तर काय होईल? सराव जोरात सुरू झाल्यापासूनचे दुसरे-तिसरे महिने म्हणजे हाडाचा उकरलेला रस्ता. वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्यात, धावपटूच्या नडगीत, बॅडमिंटनवाल्याच्या पावलात जी बारीक चीर पडते ती बहुतेकदा याच काळातली.

म्हणून कोविडनंतर मे २०२० मध्ये आयसीसीने गोलंदाजांसाठी मुद्दाम आठवडे ठरवून दिले. कसोटीसाठी किमान ८ ते १२ आठवड्यांची तयारी, त्यातले शेवटचे ४-५ आठवडे मॅचच्या जोरात. वनडेसाठी सहा. टी-ट्वेंटीसाठी पाच ते सहा. लोक हसले होते तेव्हा, बारा आठवडे म्हणजे काय लग्नाची तयारी आहे का म्हणून.

लेगकटर
२९ जानेवारी, रात्री १०:४०

रस्त्याचं उदाहरण पुणेकराला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पण मग शमीचं गणित मांडा की. चार दिवसांची मॅच *पहिली* का? आधी मुश्ताक अली, मग रणजी असा क्रम का नाही?

अस्थिरमती
२९ जानेवारी, रात्री १०:५२

कारण वेळापत्रक शमीच्या गुडघ्याला विचारून बनत नाही. रणजीचा पहिला टप्पा नोव्हेंबरमध्ये संपत होता, नंतर मुश्ताक अली होती. आणि ऑस्ट्रेलियाला जायचं तर चार दिवसांत दोनदा गोलंदाजी झेपते हे दाखवणं भाग. परतणारा खेळाडू स्वतःच्या शरीराच्या कॅलेंडरवर कधीच परतत नाही, स्पर्धेच्या कॅलेंडरवर परततो. माझ्या मते सगळा आजार हाच.

फिजिओताई
३० जानेवारी, सकाळी ७:२०

+१. यात एक भर. मी खेळाडूंना वहीत एक आकडा काढायला लावते: या आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. ऑस्ट्रेलियाच्या टिम गॅबेटने हे लोकप्रिय केलं. ०.८ ते १.३ मध्ये असलं तर बरं, १.५ च्या पुढे गेलं की सावध. समजा एक गोलंदाज तीन आठवडे दर आठवड्याला १० षटकं टाकत होता आणि चौथ्या आठवड्यात ४३ टाकली. सरासरी आली सव्वाअठरा, आकडा गेला २.३ च्या पुढे.

अस्थिरमती
३० जानेवारी, सकाळी ८:०२

ताई, इथे आपलं जमणार नाही. या गुणोत्तरावर संशोधकांनी बरीच टीका केली आहे, आणि मला ती पटते. एक तर चालू आठवडा वर आणि खाली दोन्हीकडे मोजला जातो. दुसरं, मोठ्या खंडावरून आलेल्याची सरासरी शून्याजवळ असते, त्यामुळे दोन षटकं टाकली तरी आकडा आभाळाला भिडतो. म्हणजे ज्या खेळाडूंसाठी तो सगळ्यात जास्त हवा, तिथेच तो निकामी.

फिजिओताई
३० जानेवारी, सकाळी ८:१०

मान्य, शास्त्र म्हणून लंगडं आहे. पण माझ्या कोचला “हळू घ्या” म्हटलं तर तो हो म्हणतो आणि विसरतो. “दोन पॉइंट तीन” म्हटलं की घाबरतो. मला त्याला घाबरवायचंय.

अस्थिरमती
३० जानेवारी, सकाळी ८:१३

:) हे मात्र पटलं.

जामठा_रोड
३० जानेवारी, दुपारी १२:२२

माझा आयडी बघून कळलंच असेल. २३ सप्टेंबर २०२२, भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी, नागपूरचं आमचं जामठा स्टेडियम. मैदान ओलं, साडेसहाचा टॉस पुढे पुढे सरकत गेला, साडेनऊला खेळ सुरू, आठ-आठ षटकांचा. आम्ही वडापाव खाऊन खाऊन कंटाळलो होतो. पण लोक हलत नव्हते, कारण बुमराह परत येणार होता. जुलैपासून पाठीमुळे बाहेर, आशिया चषक चुकला.

आणि मग तो यॉर्कर. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार फिंच, त्याची दांडी गुल, आणि फिंच स्वतः टाळ्या वाजवतोय बॅट काखेत धरून. मी माझ्या पोराला खांद्यावर घेऊन नाचत होतो. शेजारचे काका म्हणाले, “आला भाऊ आपला, आता वर्ल्डकप आपलाच.” दोन दिवसांनी हैदराबादला चार षटकांत पन्नास गेल्या, कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर बातमी, पाठ पुन्हा गेली, टी-ट्वेंटी वर्ल्डकपमधून बाहेर. सगळी मिळून सहा षटकं! जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेविरुद्ध संघात नाव घातलं आणि काढून घेतलं. मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया, आणि परतला तो ऑगस्टमध्ये आयर्लंडला.

तेव्हापासून मला कुणाचंही पुनरागमन पाहताना टाळ्या वाजवायची भीती वाटते. ओल्या मैदानावर, त्या थंड रात्री, तीन तास थांबून मग थेट यॉर्कर टाकायला लावलं हे चूक होतं का, डॉक्टर?

अस्थिरमती
३० जानेवारी, दुपारी १:३०

एका रात्रीने, एका यॉर्करने ताणाची चीर पडत नाही. ती आधीपासून शिजत असते. ओल्या मैदानाला दोष देऊ नका. दोष द्यायचाच तर वर्ल्डकप ऑक्टोबरमध्ये आहे म्हणून सप्टेंबरमध्ये बरा व्हायलाच हवा, या हिशोबाला द्या. आयर्लंडच्या वेळी बघा, शस्त्रक्रियेनंतर पाच महिने कुणी घाई केली नाही, आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात तो सगळे सामने खेळला.

या महिन्याच्या सुरुवातीला सिडनी कसोटीत बुमराहची पाठ धरली ती वेगळी जात. मालिकेत दीडशेच्या वर षटकं टाकली त्याने, तिथे खंड नव्हता, अतिरेक होता. दोन्हींची सरमिसळ करू नये.

श्रीरामपूरकर
३० जानेवारी, संध्याकाळी ६:४५

आमच्या गावच्या झहीर खानला विसरू नका. मी तेव्हा नुकताच लंडनला आलो होतो. जुलै २०११, लॉर्ड्स, इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतली पहिली कसोटी, ढगाळ हवा. घोट्यामुळे वेस्ट इंडिजच्या कसोट्या चुकवून तो थेट इथे. काय टाकत होता! कुक, स्ट्रॉस दोघेही त्यानेच काढले. १३.३ षटकं, १८ धावा, २ बळी. आणि चौदाव्या षटकाच्या मध्यात मांडीचा मागचा भाग धरून उभा राहिला. आमच्या स्टँडमध्ये अशी शांतता पसरली की मागच्या बाईंनी डबा उघडल्याचा आवाज आला. ती मालिका आपण ४-० ने कशी हरलो ते सांगत बसत नाही.

इथेही तेच ना, घोट्यासाठी बाहेर होता आणि गेली मांडी.

फिजिओताई
३० जानेवारी, रात्री ९:१५

अगदी. एक सांधा दुखतो तेव्हा शरीर नकळत चाल बदलतं आणि भार शेजाऱ्याकडे सरकवतं. सांधा बरा होतो, चाल तशीच राहते. शिवाय घोट्याला व्यायाम देताना बाकीचं शरीर सुट्टीवर असतं. म्हणून परत सोडताना मी फक्त दुखरा पाय तपासत नाही, एकेका पायावर उड्या मारायला लावून दोन्ही पायांचं अंतर मोजते. गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर तर नऊ महिन्यांच्या आत सोडायचं नाही यावर मी भांडते. नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की नऊ महिन्यांपर्यंत जितका एकेक महिना थांबाल, तितका पुन्हा दुखापत व्हायचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने उतरतो. सहाव्या महिन्यात चढाईला उतरायला निघालेल्या पोराला हे सांगून बघा. त्याचा लिलाव तोंडावर असतो, घरी हप्ते असतात. तो तुमच्या नॉर्वेकडे बघतो आणि हसतो.

तालमीतला
३१ जानेवारी, सकाळी ६:०५

मी कोल्हापूरचा. पैलवानकी सुटली, तालीम सुटली नाही. एवढ्या मोठ्या लोकांत आमचं काय सांगू, पण राहवेना.

आमच्या वस्तादांना गुणोत्तर माहीत नव्हतं. पण कुणी पोरगं टायफॉइड होऊन, नाहीतर लग्नकार्य उरकून महिना-दोन महिन्यांनी आलं की त्याला पहिले पंधरा दिवस लढत नाही. काय करायचं? हौदा उकरायचा. फावडं घ्यायचं, माती वरखाली करायची, पाणी मारायचं, दुसऱ्यांना अंग रगडून द्यायचं. मग जोर-बैठका निम्म्या. मग आपल्यापेक्षा हलक्या जोडीबरोबर हात धरायचा. पोरं चिडायची, आम्हाला गडी समजतंय म्हातारं म्हणायची. मी स्वतः चिडलोय. वस्ताद एकच बोलायचे, “गड्या, ताकद आली म्हणतोस, पण मानेला विचारलंस का?”

लॉकडाऊननंतर हे सगळं मोडलं. दोन वर्षं जत्रा बंद, मैदानं बंद. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, बदाम, मटण, रोजचा खर्च बघा. इनाम बंद म्हणजे खुराक बंद. कित्येकांनी सेंट्रिंगची कामं धरली, कुणी उसाच्या टोळीत गेलं. मग २०२२ च्या वसंतात एकदम सगळ्या गावच्या जत्रा सुरू. एका गावच्या कमिटीने आमच्या तालमीतल्या पोराची मोठी कुस्ती लावली, तयारीला मिळाला महिना. वस्ताद नको म्हणत होते. पोरगं म्हणालं, दोन वर्षांत पहिल्यांदा घरात पैसे येतील. एकविसाव्या मिनिटाला समोरच्याने घिस्सा डाव ओढला, ह्याने खांदा टेकू नये म्हणून हातावर भार घेतला. खांदा निखळलेला लांबून दिसत होता, हलगी वाजायची थांबली. कमिटीने फेटा बांधला, इनामातले निम्मे दिले आणि गाडीभाडं. शस्त्रक्रियेचं कुणी बोललं नाही. आता तो सिक्युरिटीत आहे.

बुमराहला न्यूझीलंडला नेणारं कुणीतरी असतं. आमच्या पोराला शिरोळला सोडायला मी गेलो होतो, मोटारसायकलवर, हात गळ्यात बांधून.

मक्याच्या_देशा
३१ जानेवारी, सकाळी ६:४०

तालमीतला, हे वाचून काय लिहावं कळत नाही.

आजोबा१९८३
३१ जानेवारी, सकाळी ७:१५

वस्तादांना आमचा नमस्कार सांगा. नाजूकपणाबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धं.

अर्धमॅरेथॉन
३१ जानेवारी, दुपारी ३:००

आता विचारू का? चार महिने डेंगीनंतर पळणं बंद होतं. गेल्या रविवारी सहज ८ किमी पळालो, काही त्रास नाही, दम पण छान टिकला. या रविवारी १५ करू का?

फिजिओताई
३१ जानेवारी, दुपारी ३:०४

अहो! वरचं सगळं वाचूनही?

अस्थिरमती
३१ जानेवारी, दुपारी ३:२०

हौदा उकरा.

लेगकटर
११ फेब्रुवारी, रात्री ११:५०

धागा वर काढतोय. बुमराह चॅम्पियन्स ट्रॉफीतून बाहेर. म्हणजे आता नवा चेंडू शमीच्या हातात. चौदा महिने बाहेर बसलेल्या माणसावर अख्खी स्पर्धा. अस्थिरमती, तुमच्या आठवड्यांच्या हिशोबात हे बसतं का?

अस्थिरमती
१२ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

नोव्हेंबरच्या मध्यापासून मोजलं तर तेरा आठवडे होतात, मधे गुडघ्यासाठी हात आखडता घेतलेला. वनडेची दहा षटकं बसायला हरकत नाही. मला काळजी दोन मॅचमधल्या अंतराची आहे.

जामठा_रोड
२० फेब्रुवारी, रात्री १०:४०

बांगलादेशविरुद्ध ५३ धावांत ५!!! वनडेत २०० बळीही पूर्ण! टाळ्या वाजवल्या बरं का आज. घाबरत घाबरत.

लेगकटर
२३ फेब्रुवारी, दुपारी २:४२

पाकिस्तानविरुद्ध पहिलंच षटक ११ चेंडूंचं. पाच वाइड. लय कुठे गेली याची? तीनच दिवस झालेत.

श्रीरामपूरकर
२३ फेब्रुवारी, दुपारी ३:०४

शमी बाहेर चाललाय. फिजिओ आला होता, उजवा पाय बघत होता. मला लॉर्ड्स दिसायला लागलं.

जामठा_रोड
२३ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

मी टीव्ही बंद करतो. माझ्यामुळेच होतंय हे.

फिजिओताई
२३ फेब्रुवारी, दुपारी ३:०९

थांबा. स्वतःच्या पायाने चालत गेलाय, टाच पूर्ण टेकतोय. तुटलेली असती तर मागे वळून बघितलं असतं.

लेगकटर
२३ फेब्रुवारी, दुपारी ३:३८

आला परत. सीमारेषेवर उभा आहे, पाय झटकतोय. बायको विचारतेय, एक्स-रे कसा आला?